गावाची जुळणी : आत्महत्या-प्रतिबंधाचे स्थानिक कार्य

महाराष्ट्रात एखाद्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्याचे उघडकीस आले म्हणजे शासकीय यंत्रणा एका ठरलेल्या क्रमाने हालू लागते. पोलीस पाटील वर्दी देतो, पंचनामा होतो, तलाठी सातबारा उतारा जोडतो, कृषी सहायक पिकाच्या स्थितीविषयी कळवितो, सोसायटी अथवा बँक थकबाकीचा दाखला देते, आणि हे सर्व कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे ठेवले जातात. प्रकरण पात्र ठरल्यास २००६ साली निश्चित झालेल्या पद्धतीनुसार वारसांस एक लाख रुपयांचे साहाय्य मिळते. (तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक ही पदनावे अलीकडे बदलली आहेत, परंतु गावाच्या तोंडी अद्याप जुनीच नावे असल्याने या लेखात तीच ठेवली आहेत.)

पात्र आणि अपात्र हे शब्द, ज्या घरात नुकताच मृत्यू घडला आहे त्या घराच्या कानी कसे पडत असतील, हा विचार अस्वस्थ करणारा आहे. परंतु येथे मुद्दा वेगळा आहे. मृत्यूनंतर काही आठवड्यांत एका कुटुंबाविषयी जी माहिती एका फायलीत गोळा होते, ती जवळजवळ सर्व माहिती मृत्यूपूर्वीही त्या गावात होतीच. फक्त ती एका जागी नव्हती. थकबाकी सोसायटीच्या सचिवास ठाऊक होती. पीक बुडाल्याचे कृषी सहायकाने पाहिले होते. घरातील मुलगा पंधरा दिवस शाळेत येत नाही हे शिक्षकाच्या हजेरीपटावर होते, आणि त्याचा बाप रात्र रात्र जागा असतो हे शेजारणीने पाणी भरताना आशाताईस सांगितलेही होते. ही माहिती माणूस जिवंत असताना जुळविता येईल काय, आणि जुळविल्यास तिचा उपयोग कसा करावा, हा आत्महत्या-प्रतिबंधाच्या स्थानिक कार्यातील मूळ प्रश्न आहे.

प्रश्नाची व्याप्ती

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यांपैकी २२,७४६ व्यक्ती महाराष्ट्रातील होत्या. अन्य कोणत्याही राज्यात हा आकडा इतका मोठा नव्हता. त्याच वर्षी राज्यातील शेतकरी व शेतमजूर मिळून ही संख्या ४,२४८ होती. याचा अर्थ असा की, आपल्या राज्यात आत्महत्येने मृत्यू पावलेल्या दर पाच व्यक्तींपैकी चार व्यक्ती शेतीक्षेत्राबाहेरच्या होत्या. देशातील आकडे पाहिले तर सव्वीस टक्क्यांहून अधिक व्यक्ती रोजंदारीवर काम करणाऱ्या, सुमारे पंधरा टक्के गृहिणी, तर साडेसात टक्क्यांच्या आसपास विद्यार्थी होते.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांकडे समाजाचे व शासनाचे लक्ष वेधले गेले हे योग्यच झाले. परंतु त्यामुळे गावात ज्या गृहिणीने, ज्या मजुराने किंवा ज्या विद्यार्थ्याने जीवन संपविले त्याच्या मृत्यूची चर्चा चावडीपर्यंतही पोहोचत नाही, हेही मान्य करावयास हवे. गावपातळीवर उभारावयाचे कार्य केवळ सातबारा ज्याच्या नावे आहे त्याच्यापुरते राखून चालणार नाही.

कारणांच्या बाबतीतही काही सावधगिरी आवश्यक आहे. २०२२ च्या याच अहवालात कौटुंबिक समस्या हे कारण ३१.७ टक्के, तर आजारपण हे १८.४ टक्के प्रकरणांत नोंदले गेले आहे. ही नोंद पोलीस तपासावरून होते आणि एका मृत्यूपुढे एकच कारण लिहिले जाते. प्रत्यक्षात कर्ज, मुलीचे लग्न, पाठीचे जुने दुखणे, दारू, भावकीतील बांधाचा तंटा आणि उपचाराविना राहिलेला नैराश्याचा आजार ही सारी एकाच घरात एकत्र नांदत असतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात आत्महत्येचा संबंध व्यक्तीच्या समाजाशी असलेल्या बंधांशी जोडला होता. त्याच्या सिद्धांताच्या तपशिलावर पुढे पुष्कळ टीका झाली. तथापि माणूस लोकांत असूनही एकटा पडतो आणि ते एकटेपण कमी करण्याचे काम लोकांनाच करावे लागते, ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

आतापर्यंतचे अनुभव

या प्रकारचे कार्य महाराष्ट्रास सर्वस्वी नवे नाही. २०१५ साली यवतमाळ व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान हाती घेण्यात आले होते. त्याच वर्षी विदर्भ व मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्पाद्वारे आशा कार्यकर्तींमार्फत मानसिक ताणाखालील शेतकरी शोधून त्यांस समुपदेशन व उपचार मिळवून देण्याची योजना सुरू झाली.

संशोधनाच्या दृष्टीने अधिक काटेकोरपणे तपासला गेलेला प्रयोग म्हणजे 'संगाथ' या संस्थेने विदर्भात राबविलेला 'विश्राम' हा कार्यक्रम होय. तीस गावांत गावातीलच कार्यकर्त्यांना मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यांच्या जोडीला प्रशिक्षित पण पदवीने मानसतज्ज्ञ नसलेले समुपदेशक आणि गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञ, अशी त्रिस्तरीय रचना होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष लक्षणीय आहेत. नैराश्याने पीडित असलेल्या व्यक्तींपैकी आरंभी केवळ ४.३ टक्के व्यक्तींनी कोणाची तरी मदत घेतली होती. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. आदल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. ही पाहणी आधीची व नंतरची अशी होती. त्यामुळे झालेल्या बदलाचे सर्व श्रेय कार्यक्रमाला देता येणार नाही. पण शंभरांतील चार जणांवरून सत्तावीस जण मदतीपर्यंत पोहोचतात, ही गोष्ट आपोआप घडत नाही.

नाशिक जिल्ह्यातील एक्केचाळीस गावांत २०१३ पासून चाललेल्या 'आत्मीयता' या प्रयोगात गावातील विश्वासाच्या स्त्रीपुरुषांनाच दोन प्रकारची कामे देण्यात आली. काहींनी केवळ दुःखी, गप्प झालेली माणसे ओळखावयाची. तर काहींनी त्यांच्याशी चारसहा वेळा बसून बोलावयाचे व आवश्यक त्या शासकीय योजनांशी त्यांचा संबंध जोडून द्यावयाचा. पुढे गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात याच पद्धतीचा मोठ्या प्रमाणावर विस्तार झाला.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात २००१ व २००२ या दोन वर्षांत नैराश्याविरुद्ध एक स्थानिक आघाडी उभारण्यात आली. तिच्यात घरगुती डॉक्टरांचे प्रशिक्षण, सर्वसामान्य नागरिकांचे लोकशिक्षण, शिक्षक, धर्मगुरू, पोलीस व औषधविक्रेते अशा लोकसंपर्कातील व्यक्तींचे प्रशिक्षण, आणि रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांस थेट मदत, अशी चार कामे एकाच वेळी चालली. आत्महत्या व आत्महत्येचे प्रयत्न यांची एकत्रित संख्या दोन वर्षांत चोवीस टक्क्यांनी घटली. शेजारच्या वुर्झबुर्ग शहरात तशी घट दिसली नाही. ही घट मुख्यतः प्रयत्नांच्या संख्येतील होती, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. या प्रयोगात प्रत्येक घटकाचे काम वेगळे होते आणि ती सर्व कामे एका वेळी, एका भागात झाली. सुटे सुटे मेळावे व भाषणे यांतून असा परिणाम दिसल्याचे उदाहरण शोधावे लागेल.

कोणास काय ठाऊक असते

आता आपल्या गावाकडे वळू. सोसायटीच्या सचिवास कोणाचे खाते तिसऱ्या वर्षीही नवे-जुने झाले नाही, याची कल्पना असते. बचत गटाच्या अध्यक्षबाईस कोणत्या सभासदाचा हप्ता दुसऱ्याने भरला आणि त्यानंतर तिने बैठकीस येणे का सोडले, हे ठाऊक असते. कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराकडे उधारीची वही असते. पोलीस पाटलास कोणाच्या घरी रात्री भांडणे होतात ते कळते. आशा व अंगणवाडी सेविका यांस बाळंतीणीचे न हसणे दिसते. किराणा दुकानदार, पिठाच्या गिरणीवाला, एस. टी. थांब्यावरील चहावाला आणि कीर्तनकार बुवा यांच्याही नजरेस पुष्कळ गोष्टी पडतात, पण त्यांना कोणी विचारीत नाही.

यांतील प्रत्येकास एकेक खूण दिसते आणि एकट्या खुणेवरून कोणी हालचाल करीत नाही. ते स्वाभाविकही आहे. हप्ता थकणे ही काही असाधारण गोष्ट नव्हे. मुलगा शाळेत न येणे हीही नव्हे. हप्ता थकला, मुलगा शाळेत येईनासा झाला, घरच्या कर्त्याने लग्नकार्यास जाणे सोडले, जेवण तुटले, दारू वाढली, आणि 'आता माझा कोणाला उपयोग नाही' असे शब्द दोनदा ऐकू आले, या सर्व खुणा एकाच उंबरठ्यावर जमल्या म्हणजे मात्र त्यांचा अर्थ बदलतो. स्थानिक गटाचे काम या खुणा एकत्र येऊ देणे हे आहे.

नवी समिती कशासाठी?

'आणखी एक समिती' म्हटल्यावर ग्रामपंचायत सदस्यांच्या कपाळास आठी पडणे समजण्यासारखे आहे. गावोगाव समित्यांची कमतरता नाही. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. शाळा व्यवस्थापन समिती आहे. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतून निर्माण झालेली तंटामुक्ती समिती अनेक गावांत आहे. नवा फलक लावण्याऐवजी आरोग्य समितीचाच सातआठ जणांचा एक छोटा गट करावा आणि त्यात बाहेरचे दोनतीन विश्वासाचे लोक घ्यावेत, हे अधिक टिकाऊ ठरते. तंटामुक्ती मोहिमेने ज्या गावांत खरे काम केले, तेथे पारावर बसून परस्परांशी बोलण्याची सवय लागलेली होती. तिचा या कामी उपयोग होईल.

गटाचे निमंत्रकपद कोणाकडे असावे, हा नाजूक विषय आहे. सरपंच हे निवडणुकीतून आलेले असतात, आणि विरोधी पॅनेलच्या घरातील माणूस त्यांच्याकडे मन मोकळे करील असे मानणे भाबडेपणाचे होईल. निमंत्रण आशा कार्यकर्ती, मुख्याध्यापक किंवा निवृत्त शिक्षक यांच्याकडे असावे, सरपंचांनी पाठबळ द्यावे, हे बरे. गटात किमान निम्म्या स्त्रिया हव्यात. वस्ती, तांडा, पाडा यांतील प्रत्येकी एक तरी व्यक्ती हवी. अन्यथा गावठाणाचेच दुःख मोजले जाईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावात गुप्तता टिकत नाही. एखाद्याच्या मनःस्थितीची चर्चा सात जणांसमोर झाली म्हणजे ती संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर पोहोचणार, आणि ज्याला आधार द्यावयाचा तोच अधिक दडून बसणार. या भीतीत तथ्य आहे, म्हणून कामाची रीतच तशी ठरविली पाहिजे. बैठकीत नावे घेऊ नयेत. बैठक व्यवस्थेसंबंधी असावी : कोणत्या वस्तीत कोण जाते, डॉक्टर कोणत्या वारी येतात, कोणती योजना अडली आहे. नाव निघेल ते फक्त दोघांत. सोसायटीच्या सचिवाने थकबाकीचा आकडा कोणासही सांगू नये. तसे करण्याचा त्यास अधिकारही नाही. त्याने आशाताईस एवढेच म्हणावे की, 'त्या घरी एकदा जाऊन या.' एवढ्या वाक्यात कोणाचेही गुपित उघड होत नाही, आणि बहुधा तेवढे वाक्य पुरेसे असते.

भेटीस जाणारी व्यक्ती अशी असावी की, जिचे त्या घराकडे काही येणे नाही. वसुलीशी संबंधित माणूस कितीही सहृदय असला तरी त्यास दारात पाहून घरातील माणसे आधी हिशेबाचा विचार करतात.

भेटीत काय बोलावे

आत्महत्येविषयी सरळ विचारल्यास नसलेला विचार मनात भरविला जाईल, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. आजवरच्या अभ्यासांतून असे विचारण्याने धोका वाढल्याचे दिसून आलेले नाही. उलट, कोणीतरी हे शब्द उच्चारल्याने मनावरचा भार हलका झाल्याचे अनेकजण सांगतात. मात्र विचारण्याची रीत असते. प्रथम पेरणीपाण्याचे, मुलाबाळांचे बोलणे व्हावे. मग झोप लागते काय, जेवण जाते काय हे विचारावे. त्यानंतर शांतपणे विचारावे : 'भाऊ, इतका त्रास झाल्यावर माणसाला कधी कधी जगू नये असे वाटते. तुमच्या मनात तसे काही येते का?' उत्तर 'हो' असे आले तर घाबरून उपदेश सुरू करू नये. 'बायकामुलांचा विचार करा' हे वाक्य चांगल्या हेतूने म्हटले जाते, पण ऐकणाऱ्याच्या मनात आधीच असलेली अपराधीपणाची भावना त्याने वाढण्याचाच संभव अधिक.

अशा वेळी त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, घरातील एका विश्वासाच्या माणसास तिच्या संमतीने सोबत घ्यावे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्र वा जिल्हा रुग्णालयापर्यंत स्वतः जावे. 'तुम्ही जाऊन या' असे सांगणे आणि सोबत जाणे यांत मोठे अंतर आहे. १९८२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली पुढे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. त्याचे पथक जिल्हा रुग्णालयात कोणत्या दिवशी असते, ते गटाने आधीच लिहून ठेवावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून दिवसरात्र चालतो व मराठीतही बोलता येते. तो शाळा, दवाखाना, सोसायटी व कृषी सेवा केंद्र यांच्या भिंतीवर ठळक अक्षरांत असावा. जिवास तातडीचा धोका असेल तेव्हा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

बोलण्याने मन हलके होते, कर्ज हलके होत नाही. म्हणून भेटीनंतर काही व्यावहारिक पाठपुरावा झाला नाही तर ही सारी सहानुभूती पोकळ वाटू लागते. कर्जाचे पुनर्गठन शक्य आहे काय, पीकविम्याचा दावा कोठे अडला आहे, रुग्णालयाचा खर्च महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो काय, हे गटातील जाणत्याने पाहावे. बेकायदेशीर सावकाराने जमीन लिहून घेतली असल्यास २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे दाद मागता येते आणि जमीन परत मिळू शकते, ही गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. घरात स्त्रीस मारहाण होत असेल तर २००५ च्या कायद्याखालील संरक्षण अधिकारी आहेत. तालुका विधी सेवा समितीचा वकील पात्र व्यक्तीस विनामूल्य मिळतो.

वर्षातील काही दिवस अधिक जपावे लागतात. मार्चअखेरची वसुली, जूनमधील लांबलेला पाऊस व दुबार पेरणी, कापूस-सोयाबीन घरी आल्यानंतर भावाने केलेली निराशा, मे महिन्याच्या सुमारास लागणारे दहावी-बारावीचे निकाल, हे दिवस दिनदर्शिकेवर आधीच खूण करून ठेवावेत आणि त्यापूर्वी गटाची बैठक व्हावी.

घरातील 'औषध'

कीटकनाशकास आपल्या खेड्यांत 'औषध' म्हणतात. या शब्दामुळे त्याच्या घातकतेचा जणू विसर पडतो, आणि ते धान्याच्या कणगीशेजारी, माळ्यावर, कधी खाटेखाली ठेवलेले आढळते. आत्महत्येची तीव्र ऊर्मी बहुधा अल्पकाळ टिकणारी असते. त्या अल्पकाळात घातक साधन हाताशी नसले तर अनेक जीव वाचतात. वाचलेल्यांपैकी बहुसंख्य पुढे आत्महत्येने मृत्यू पावत नाहीत. 'ज्याला मरावयाचे तो काही करून मरतोच' हे मत म्हणूनच टिकत नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा श्रीलंकेत मिळतो. तेथे १९९५ च्या सुमारास आत्महत्येचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यानंतर पुढील वीस वर्षांत ते सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी झाले. त्याच श्रीलंकेत १८० गावांत घरोघरी कुलूपबंद पेट्या देण्याचाही प्रयोग झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याचा उपयोग झाला नाही. पेटी घरात आणि किल्लीही घरातच, हे पाहता त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. पेट्या वाटून छायाचित्रे काढण्याचा मोह ज्यांना होईल त्यांनी हा निष्कर्ष अवश्य लक्षात घ्यावा. तामिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात 'स्नेहा' या संस्थेने गावाच्या सामाईक कोठारात प्रत्येक शेतकऱ्यास वेगळा कप्पा देऊन कीटकनाशके घराबाहेर ठेवण्याची पद्धत आजमावली, आणि तिचे आरंभीचे परिणाम आशादायक होते.

बंदीचा अधिकार ग्रामपंचायतीकडे नाही. पण सोसायटीच्या गोदामात अशा कप्प्यांसाठी जागा देणे, फवारणी झाल्यावर उरलेला साठा घरी न नेता तेथे ठेवण्याचा ग्रामसभेत ठराव करणे, आणि कृषी सेवा केंद्राच्या दुकानदारास गटात घेणे, हे तिच्या हाती आहे. नेहमीचा गिऱ्हाईक नसलेला, फवारणीचा हंगाम नसताना आलेला किंवा मद्याच्या अमलाखाली असलेला माणूस दारात आला तर दुकानदाराने विक्री टाळून त्यास बसवून घ्यावे, चहा द्यावा, आणि गटातील कोणास तरी फोन करावा.

रुग्णालयातून परतलेला माणूस

आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या व्यक्तीस पुढील काळात सर्वाधिक धोका असतो. दुर्दैवाने याच व्यक्तीकडे गाव पाठ फिरविते. घरचे लोक लाजेने ती गोष्ट झाकतात, 'चुकून पोटात गेले' असे सांगतात, आणि पोलिसांच्या भीतीने पुढील उपचारही टाळतात.

ही भीती आता निराधार आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार, अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावयाचे, तिच्यावर खटला भरावयाचा नाही, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी मानावयाची, असे ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ ला स्थान उरले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते वेगळे कलम तेवढे आहे. पोलीस पाटलांनी ही गोष्ट ग्रामसभेत स्वतः सांगावी. तीच गोष्ट शिक्षकाने सांगण्यापेक्षा त्यांच्या तोंडून आलेली अधिक पटते.

जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई व कोलंबो यांसह पाच देशांतील पाच ठिकाणी केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रयत्नातून वाचलेल्या व्यक्तींशी रुग्णालयातून घरी जाताना सुमारे एक तास माहितीपर बोलणे करण्यात आले, आणि पुढील दीड वर्षात नऊ वेळा भेटून किंवा दूरध्वनीवरून त्यांची विचारपूस करण्यात आली. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यापैकी २.२ टक्के व्यक्ती या मुदतीत आत्महत्येने मृत्यू पावल्या. ज्यांची विचारपूस झाली त्यांच्यात हे प्रमाण ०.२ टक्के होते. नऊ भेटींस ना इमारत लागते, ना अनुदान. गावातील गटाने दुसरे काही केले नाही आणि एवढेच एक काम नेमाने केले तरी त्याचे अस्तित्व सार्थ ठरेल.

शाळा आणि वृत्तपत्र

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने प्रशिक्षित समुपदेशक नेमावयाचा आहे, आणि लहान शाळांनी बाहेरील तज्ज्ञांशी संधान बांधावयाचे आहे. द्विशिक्षकी शाळेत हे कसे जमावे, असा प्रश्न पडेल. गावचा गट हेच त्या शाळेचे पहिले संधान होऊ शकते. निकालाच्या दिवशी अनुत्तीर्ण मुलांच्या घरी शिक्षकाने त्याच संध्याकाळी जाऊन पुरवणी परीक्षेची तारीख सांगावी. गुणवंतांच्या सत्कारास दुसरा दिवस उजाडला तरी बिघडत नाही.

वार्ताहर गावात येतात तेव्हा सरपंच व सदस्य यांच्या शब्दांस वजन असते. मृत्यूची पद्धत, चिठ्ठीतील मजकूर, मृताचे छायाचित्र देणे टाळावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि भारतीय प्रेस परिषदेनेही २०१९ मध्ये ती स्वीकारली आहेत. 'कर्जास कंटाळून' या दोन शब्दांत एका आयुष्याचा उलगडा करू नये. त्याच स्थितीतील दुसऱ्या शेतकऱ्यास तो मार्ग दाखविल्यासारखे होते. 'आत्महत्याग्रस्त गाव', 'आत्महत्याग्रस्त कुटुंब' हे शब्द शासकीय पत्रव्यवहारातही रुळले आहेत. त्या कुटुंबातील मुलीस शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या बोलणीपर्यंत हा शब्द चिकटून राहतो, याचा विचार कार्यालयांनी करावा.

मृत्यू घडल्यानंतर

सर्व प्रयत्न करूनही मृत्यू घडेल. अशा वेळी गटाने आपसांत दोषारोप करू नयेत आणि त्या घराकडे जाणे थांबवू नये. तेराव्यानंतर पाहुणे परततात, आणि खरे एकाकीपण तेव्हा सुरू होते. विधवेच्या नावे वारस नोंद झाली काय, शिधापत्रिकेत बदल झाला काय, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज गेला काय, मुलांचे शिक्षण चालू आहे काय, सासरचे लोक जमिनीवरून त्रास देत नाहीत ना, या गोष्टी वर्षभर पाहाव्या लागतात. सहाय्यासाठी ठरविलेली पात्रता काहीही असो, गटाच्या दृष्टीने असे प्रत्येक घर पात्रच असते.

या कामासाठी एकच साधी नोंदवही पुरे. तिच्यात नावे लिहू नयेत. भेटीचा दिनांक, कोणी भेट दिली, कोणत्या सेवेशी जोडून दिले आणि पुढील भेट केव्हा, एवढेच चार रकाने असावेत. नावांची यादी निमंत्रकाच्या मनात असावी, आणि निमंत्रक बदलताना ती तोंडी सोपवावी. प्रत्येक बैठकीचा पहिला विषय मागील महिन्यात ठरलेल्या पण राहून गेलेल्या भेटींचा असावा, आणि त्या भेटी पूर्ण करण्याचे दिवस ठरल्यावाचून दुसरा विषय घेऊ नये.